गुल्ली

ठोकळा तळहाताएवढा. बॉक्सवुड.
मिस्टर पेन्फोल्ड म्हणायचे, हे लाकूड
तुझ्या आजोबांपेक्षा सावकाश वाढलंय, तेव्हा घाई करू नकोस.
वर पांढऱ्या रंगाचा पातळ हात,
त्यावर मिस्टर ऑर्लंडची पेन्सिल:
नदी, खिडकी, विलोची फांदी,
आणि खिडकीशी ती. कवितेतली.
अकराव्या कडव्यात मरणार आहे.

आम्हाला कविता वाचायला देत नसत.
ठोकळ्याला चिठ्ठी असे: पान बेचाळीस, शनिवारपर्यंत.
मी ती वाचली, कारण एकदा पाव
तिच्याच रद्दी प्रुफात गुंडाळून आला.
तिच्यात विलो नव्हताच. एल्म होता.
पण ऑर्लंडना विलो चांगला जमायचा.

क्लार्कनवेल. नोव्हेंबर. दुपारी तीनलाच दिवा.
एका दिव्याभोवती पाण्याने भरलेले चार काचगोळे,
चार गोळ्यांतून चार नाण्यांएवढा उजेड,
चौघांच्या चार ठोकळ्यांवर.
दिवसाकाठी हाती पडणारं नाणं बहुतेक तेवढंच.
दिव्यातलं तेल संपत आलं
की आम्ही डोळ्यांत घालायचो.

पानं माझी, पाणी माझं, आभाळ केझायाचं.
चेहरे कुणाचेच नाहीत,
चेहरे पेन्फोल्ड स्वतः कोरत, श्वास रोखून.

लोकांना वाटतं आम्ही रेघ काढतो.
रेघ आधीच असते.
आम्ही तिच्या दोन्ही बाजूंचं जग काढून टाकतो
आणि तिला एकटीला उभी ठेवतो.
काळं ते राखायचं, उजेड तो उकरायचा.
नदीवरचं सगळं चांदणं रात्री माझ्या एप्रनमध्ये असायचं,
जिन्यात झटकलं की भुसा.

शुक्रवारी कोरणी घसरली.
विलोच्या टोकाच्या पानावरून सुटली ती
तिच्या गालावरून, ओठ ओलांडून, थेट कानापर्यंत.
केसाएवढा ओरखडा,
पण छापला असता तर वीज पडल्यासारखा.
लाकडाला खोडरबर नसतं.

पेन्फोल्ड ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं.
“गिरमिट आण,” म्हणाले.
मी फिरवलं. चेहऱ्याच्या जागी गोल भोक,
भोकातून बाकाचं लाकूड.
मग त्यात नवी गुल्ली ठोकली, तासली, घासली,
बोटाला सांधा लागेना इतकी.
कोरी गुल्ली. पेन्सिल नाही.
ऑर्लंड स्कॉटलंडात,
कुणा उमरावाच्या कुत्र्यांची चित्रं काढत.

पेन्फोल्डनी चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.
“माझे डोळे चेहऱ्यांना पुरत नाहीत आता.
इस्टरपासून. कुणाला बोलू नकोस.
तू कोर.”

मरणारी मुलगी मी पाहिली नव्हती.
म्हणजे पाहिल्या होत्या, आमच्या गल्लीत, दोन,
पण त्या खिडकीत बसून मेल्या नाहीत.
रात्रीचे अकरा. समोर केझाया,
आभाळाच्या शंभराव्या आडव्या रेघेवर,
जांभई दाबत होती.
पापण्या अर्ध्या, ओठ घट्ट, हनुवटीत थरथर.
तेवढीच मी कोरली. गालावरच्या तिळासकट.

कवीचं पत्र आलं, ऑर्लंडच्या नावे:
मरणाला सामोरी जाणारी अशी शांती
आपल्याच पेन्सिलीतून उतरू जाणे.
ऑर्लंडनी ते चौकटीत लावलं.
आठ हजार प्रतींनंतर गुल्ली सुकली,
चेहऱ्याभोवती पांढरी कड उमटू लागली,
तेव्हाही कुणी म्हणालं, वा, प्रभावळ.

नाताळात केझाया आणि मी
पुस्तकाच्या दुकानाच्या काचेशी थांबलो.
हिरवं कापड, सोनेरी कडा, किंमत एकवीस शिलिंग.
नेमकं बेचाळीसावं पान उघडं.
छापताना उजव्याचं डावं होतं,
आणि मी तिला समोर बघून कोरलेलं,
आरशातून नव्हे.
तीळ भलत्या गालावर आलेला.
ओळखणाऱ्याला ती ओळखू यायची नाही.
एक तीच सोडून,
कारण तिचा चेहरा तिला असाच दिसायचा,
रोज सकाळी, तडा गेलेल्या आरशात.

बराच वेळ ती बघत राहिली.
काचेवर तिचा श्वास जमला, तिने बाहीने पुसला.
“मरत वगैरे नाहीये ही,” म्हणाली,
“हिला झोप हवीये.”